टेस्टर बाईच्या हातात

महिलांसाठी प्रशिक्षण म्हटले की आजही शिवणकाम, पापड-लोणची आणि ब्यूटी पार्लर हीच यादी पुढे येते. वस्तीत काम करताना मला वाटते, या यादीत वायरिंग यायलाच हवे. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर रोज कोण हाताळते? ओल्या हाताला शॉक कुणाच्या बसतो? फ्यूज घालायला मात्र पुरुष बोलवायचा!

महाराष्ट्रात आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. महावितरणमध्ये स्त्रिया विजेच्या खांबावर चढून काम करतात. तेव्हा ‘बायकांना हे जमेल का?’ हा प्रश्न आता पुरे. खरी अडचण पुढे आहे. प्रमाणपत्र मिळाले तरी कंत्राटदार मुलीला साइटवर नेत नाही. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही.

म्हणून मैत्रिणींनो, नुसता प्रवेशाचा प्रचार पुरणार नाही. शिकलेल्या मुलींच्या जोड्या करून बालवाडीतली, आपल्या कार्यालयातली, वस्तीतल्या घरांतली कामे आपण त्यांना मिळवून देऊ या. दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईलाही दार उघडताना धास्ती वाटणार नाही. आणि मजुरी? पुरुषाला देतो तेवढीच, घासाघीस न करता.