हाउजीची पिशवी आणि पैजेचा बाजार



गेल्या रविवारी मिस्सानंतर युवक गटाच्या सभेत मोबाइलवरच्या पैजांचा विषय निघाला. मी सवयीप्रमाणे चार शब्द सुनावले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "काका, फेस्ताला आपल्याच अंगणात हाउजी चालते. तिकिटं तुम्हीच विकता. मग आमच्या पैजेत काय वाईट?"

सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर सुचलं नाही. ते आज देतो.

आधी चर्चची शिकवण. कॅथलिक धर्मशिकवणीच्या २४१३व्या परिच्छेदानुसार नशिबाचे खेळ आणि पैजा मुळातच अन्याय्य नाहीत. पण घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, तर ते मान्य नाही. आणि खेळातली लबाडी ही गंभीर बाब आहे. म्हणजे पैज लावली की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. पिशवीत हात कोण घालतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घालतो का, हेही विचारावं लागतं.

आता तो बाजार पाहू. पॉलिमार्केटसारख्या ठिकाणी अमुक घटना घडेल का, यावर 'हो' आणि 'नाही' असे हिस्से विकले जातात. बरोबर ठरलेल्या हिश्शाला एक डॉलर, चुकलेल्याला शून्य. समर्थक म्हणतात की स्वतःचा पैसा पणाला लागला की माणूस विचार करून बोलतो, म्हणून हा बाजार सत्य सांगतो. खरंच सांगतो का?

मार्च २०२५. युक्रेन अमेरिकेशी खनिजांचा करार एप्रिलपूर्वी मान्य करेल का, यावर सुमारे ७० लाख डॉलरांची उलाढाल झाली. करार झाला नव्हता. त्यावर सह्या झाल्या ३० एप्रिलला. तरी निकाल लागला 'हो'. कारण तिथं वादाचा निकाल मतदानानं लागतो, आणि मत माणसागणिक नसतं, टोकनागणिक असतं. एका बड्या टोकनधारकानं तीन खात्यांतून ५० लाख टोकन टाकले, म्हणजे एकूण मतांच्या सुमारे पाव हिस्सा, अशी माहिती पुढे आली. निकाल अपेक्षेविरुद्ध लागल्याचं कंपनीनं कबूल केलं, पण पैसे परत दिले नाहीत. बाजार समितीत तराजूला हात लावणाऱ्याला आपण काय म्हणतो?

नोव्हेंबर २०२५. युक्रेनमधलं मिर्नोह्राद रशियाच्या हाती जाईल का, यावर पैजा लागल्या होत्या. निकाल ठरणार होता अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर' या संस्थेच्या नकाशावरून. १५ नोव्हेंबरच्या रात्री त्या नकाशात रशियाची आगेकूच दिसली आणि नंतर नाहीशी झाली. परवानगीशिवाय बदल झाल्याचं संस्थेनंच मान्य केलं. सैनिक मेले ते खरे. नकाशावरची रेघ तेवढी खोटी.

आणि ज्या गर्दीच्या शहाणपणाचा एवढा गाजावाजा, ती गर्दी? कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५मध्ये अंदाज मांडला, की पॉलिमार्केटवरची जवळपास पाव उलाढाल स्वतःच विकायचं आणि स्वतःच घ्यायचं, अशा नकली व्यवहारांची असावी.

न्याय विकत घेतलेला, साक्ष बदललेली, गर्दी बनावट. बंधू-भगिनींनो, हे आपण कुठं तरी वाचलं आहे ना? आपल्या प्रभूवरच्या खटल्यातही साक्षीदार खोटे होते, जमाव चिथावलेला होता, आणि न्याय देणाऱ्यानं हात धुऊन घेतले. म्हणून मी याला नुसता जुगार म्हणत नाही. ही आठव्या आज्ञेची पायमल्ली आहे, शेजाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष आहे.

"हरला तो लोभी होता, भोगू दे," असं आपल्यातलेच काही म्हणतात. मला ते पटत नाही. लोभी माणसालाही खरं माप मिळायला हवं. तराजू खोटा असेल तर परमेश्वराला त्याचा वीट येतो, असं नीतिसूत्रं सांगतात. गिऱ्हाईक सज्जन असेल तरच, अशी अट तिथं नाही.

आपल्या देशात 'ओपिनियन ट्रेडिंग'च्या नावानं हेच चालत होतं. हे व्यवहार आपल्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत, असा इशारा सेबीनं एप्रिल २०२५मध्ये दिला, आणि ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्यानं दार लावलं. पण मुलांना खिडक्या ठाऊक असतात, आणि खिडकीपाशी उभं राहण्याचं काम कायद्याचं नाही, आईबापांचं आणि आपल्या धर्मग्रामाचं आहे.

क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांनी त्यात लबाडी केल्याचं शुभवर्तमानात कुठं लिहिलेलं नाही. वर एक माणूस प्राण सोडत होता आणि त्यांची नजर कापडावर होती, एवढंच. लढाईवर पैज लावणाऱ्यानं, मग तो प्रामाणिक का असेना, आपली नजर कुठं आहे ते एकदा पाहावं.

आणि त्या मुलाला माझं उत्तर: बाळा, तुझं एक बरोबर होतं. दुसऱ्याचा तराजू तपासणाऱ्यानं आधी आपला दाखवावा. यंदा फेस्ताच्या हाउजीचा पैन् पैचा हिशेब चर्चच्या फलकावर लागेल. आणि पिशवीतून आकडे काढायला, सगळ्यांसमोर, तूच यायचंस.