दुर्बिणीनंतरची पोटदुखी : आधी प्रश्न, मग औषध

दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी व बायोप्सी झालेला रुग्ण दुसऱ्याच दिवशी पोट फुगल्याची वा दुखत असल्याची तक्रार घेऊन वैद्यांकडे, अथवा थेट औषधी दुकानात येतो. ‘गॅस’ या एका शब्दावर त्यास हिंग्वाष्टक चूर्ण किंवा लशुनादि वटी दिली जाते. ही घाई टाळावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीच्या वेळी जठर नीट दिसावे म्हणून त्यात वायू भरतात. त्यामुळे काही तास आध्मान व ढेकर, तसेच एक-दोन दिवस घसा दुखणे स्वाभाविक आहे. बायोप्सीत अंतस्त्वचेचे काही मिलिमीटरचे तुकडे घेतले जातात. व्रण लहान असला तरी तो सद्योव्रणच होय. तेथे उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये, क्षार व आसवारिष्टे युक्त नव्हेत. वमन-विरेचनाचा तर विचारही नको. एक-दोन दिवस कोमट पेया, मऊ भात व विश्रांती एवढे बहुधा पुरेसे होते.

मात्र वाढत जाणारी तीव्र वेदना, कठीण झालेले पोट, ज्वर, छातीत दुखणे, श्वास लागणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा मल यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. जठरास छिद्र पडणे वा मोठा रक्तस्राव होणे विरळ असले, तरी त्यात विलंब प्राणघातक ठरतो. मंडूर भस्म, नवायस लोह आदी लोहकल्पांनीही मल काळा होतो व रक्तस्रावाचे लक्षण झाकले जाते. म्हणून ते काही दिवस थांबवावेत. औषधविक्रेत्यांनी वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांवरच सोपवावा.

याहून महत्त्वाचा मुद्दा बायोप्सीच्या अहवालाचा. आपल्या औषधाने बरे वाटले की पुष्कळ रुग्ण तो आणावयासच जात नाहीत. अम्लपित्ताची लक्षणे शमली म्हणून अर्बुद नाही, असे म्हणता येत नाही. अहवाल पाहिल्यावाचून दीर्घ चिकित्सा आखणे हे निदानाविना चिकित्सा करण्यासारखेच आहे.

सुश्रुताचार्यांनी नाडीयंत्रांच्या उपयोगांत रोगदर्शनाचाही समावेश केला आहे. तेव्हा दुर्बीण आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. ‘तपासणी केव्हा झाली? तुकडा घेतला का? अहवाल आला का?’ हे तीन प्रश्न प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने औषध देण्यापूर्वी विचारावेत, ही विनंती.