सदतीस मुलांची शाळा

मुलाचे नाव शाळेत घालताना आपण फॉर्मवर ‘बौद्ध’ असे लिहितो, तेव्हा आपली मान ताठ असते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी श्रीलंकेतील बौद्ध आईबापांना हे सोपे नव्हते. तो काळ इंग्रजी अमलाचा. नोकरीला इंग्रजी हवे, आणि चांगले इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या. सरकारी अनुदानही मुख्यतः त्यांनाच मिळे, कर मात्र बौद्ध कुणबीही भरत असे. शिकायचे तर आपला धर्म दाराबाहेर ठेवा, असाच तो सौदा होता.

अनागारिक धम्मपाल यांचेच पाहा. १८६४ साली बौद्ध घरात जन्मलेल्या या मुलाचे नाव होते डॉन डेव्हिड. शाळेत असताना त्याने वैशाख पौर्णिमेची सुटी मागितली. ती मिळाली नाही. तो घरीच राहिला आणि त्याबद्दल त्याला छड्या खाव्या लागल्या. वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुटी तिथे १८८५ पासून मिळू लागली.

१८८० मध्ये अमेरिकेचे कर्नल ऑल्कॉट लंकेत आले आणि त्यांनी पंचशील ग्रहण केले. बौद्धांच्या स्वतःच्या शाळा हव्यात, हे त्यांनी ओळखले. निधीसाठी ते १८८१ पासून बैलगाडीने खेडोपाडी हिंडले. १८८६ च्या फेरीत त्यांचे भाषण सिंहलीत सांगायला गाडीत कोण होते? तेच छड्या खाल्लेले धम्मपाल!

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १८८६ रोजी कोलंबोच्या पेट्टा या बाजारपेठेच्या भागात बौद्ध इंग्रजी शाळा सुरू झाली. विद्यार्थी फक्त ३७. पुढे ए. ई. बुल्टजेन्स मुख्याध्यापक झाले. केंब्रिजला शिकून आलेल्या या गृहस्थांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. १८९३ मध्ये कोलंबोतील छापखाना कामगारांनी संप केला, त्यांची संघटना बांधण्यातही हेच गुरुजी पुढे होते. शाळेची घंटा आणि कामगारांची सभा त्यांना वेगळी वाटली नाही.

वाट सोपी नव्हती. जुन्या शाळेपासून पाव मैलाच्या आत नवी शाळा काढली तर अनुदान नाकारणारा नियम आला. मोक्याच्या जागी मिशनच्या शाळा आधीपासून होत्या. फटका बसला तो बौद्धांना. तरीही लोक हटले नाहीत. एका दात्याने मरदाना येथे जमीन दिली आणि १८९५ मध्ये तिथे ही शाळा ‘आनंद कॉलेज’ झाली. मुलीही मागे राहिल्या नाहीत. १८९१ मध्ये आलेल्या मारी म्युसियस हिगिन्स यांनी मातीच्या झोपडीत मुलींची शाळा चालवली.

या झाडाची सावली आपल्यापर्यंतही पोचली आहे. आनंद कॉलेजात शिक्षक राहिलेले डॉ. मललसेकर यांच्या पुढाकाराने मे १९५० मध्ये लंकेत जागतिक बौद्ध परिषद भरली. तिला पूज्य बाबासाहेब हजर होते.

आनंद कॉलेज आजही उभे आहे. ३७ मुलांचा पट पाहून कुणी तेव्हा ‘एवढ्याने काय होणार?’ म्हटले असेलही. आपल्या विहारात संध्याकाळी पाचच पोरे अभ्यासाला बसत असतील, तर दिवा विझवू नका. सतरंजी अंथरलेली राहू द्या.