लोखंडाचा बाप

लावणी उरकून गावाला जरा उसंत मिळाली की आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळ सभागृहात एखादा चित्रपट दाखवीत असते. चित्रपटाची निवड आमच्याकडे असते, आणि म्हणूनच तो कंटाळवाणा असतो, अशी कुजबुज वर्षानुवर्षे आमच्या कानी येत आहे. यंदा आम्ही निवड मुलांवर सोपविली. त्यांनी ठरविला तो 'टर्मिनेटर २'. नाव ऐकून आम्ही चपापलो. पण शब्द दिलेला होता. शिवाय या चित्रपटाच्या नावाचा उत्तरार्ध 'न्यायाचा दिवस' असा आहे, हे मंडळाच्या चिटणिसाने आम्हांस मोठ्या चतुराईने ऐकविले, जणू तेवढ्याने तो प्रवचनाचा भाग ठरत होता! लहान लेकरांना त्या रात्री घरी ठेवावे, अशी सूचना आम्ही रविवारच्या मिस्सेनंतर दिली आणि हिंदी आवाज दिलेली प्रत मागविण्यास होकार दिला.

आम्ही स्वतः हा चित्रपट शाळकरी वयात, मामाच्या घरी, कॅसेटवर पाहिला होता. त्यातले आठवत होते ते एवढेच, की एक अजस्र ट्रक पुलावरून खाली झेप घेतो. एवढ्या वर्षांनी पाहताना आम्हांस ट्रकपेक्षा भोवतीच्या बाकांवरील मंडळीच अधिक पाहाव्याशा वाटल्या. त्यांनी जी मते दिली, त्यांविषयीच आज लिहावयाचे आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. भविष्यकाळात यंत्रे माणसांवर उठतात. माणसांचा जो पुढारी होणार आहे, त्या जॉन कॉनर नावाच्या मुलाला बालपणीच मारण्यासाठी यंत्रे एक मारेकरी भूतकाळात धाडतात, आणि माणसे त्याच्या रक्षणासाठी दुसरा कोणी पाठवितात. १९८४ च्या पहिल्या चित्रपटात आर्नोल्ड श्वार्झनेगर या धिप्पाड नटाने मारेकरी यंत्रमानव उभा केला होता. तेव्हा बळी ठरावयाची होती ती मुलाची भावी आई, सारा. तो चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलरांत झाला. जेम्स कॅमेरॉन यांनीच दिग्दर्शित केलेला दुसरा भाग ३ जुलै १९९१ रोजी अमेरिकेत झळकला, तेव्हा खर्च दहा कोटींच्या घरात गेला होता. जगभरात पन्नास कोटी डॉलरांहून अधिक मिळकत करून तो त्या वर्षाचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला.

अमेरिकेत 'सिनेमास्कोर' नावाची एक संस्था आहे. नवा चित्रपट लागला की पहिल्या रात्री चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती ती एक पत्रिका देते, आणि शाळेतल्या मास्तरांप्रमाणे प्रेक्षकांनी चित्रपटाला श्रेणी द्यावयाची असते. या चित्रपटाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. टीकाकार आणि सामान्य प्रेक्षक यांचे सहसा जुळत नाही. येथे बरेचसे जुळले. तथापि तिकडच्या जाणत्या प्रेक्षकांची एक तक्रार आजतागायत चालू आहे, आणि ती आम्हांस आमच्या गावातील एका मावशींमुळे समजली.

या मावशी सत्तरीच्या. पहिला भाग त्यांनी पाहिलेला नाही, जाहिरात पाहण्याचा प्रश्नच नाही. पडद्यावर एकीकडे काळ्या कातडी कपड्यांतला आडदांड श्वार्झनेगर बंदूक घेऊन मुलाला शोधतो आहे, दुसरीकडे सडपातळ, नम्र बोलणारा एक पोलीस शिपाई त्याच मुलाचा फोटो दाखवीत विचारपूस करतो आहे. बाजारगाळ्यांच्या मागील अरुंद बोळात दोघेही मुलाला एकाच वेळी गाठतात. "पोलीस आला गं बाई, पोर वाचलं!" असे मावशी मोठ्याने म्हणाल्या. पुढच्याच क्षणी धिप्पाडाने गुलाबांच्या खोक्यातून बंदूक काढली, मुलाला खाली वाकावयास सांगितले आणि गोळी झाडली ती पोलिसावर! मावशींनी कपाळावर हात मारला. कारण या खेपेस रक्षणकर्ता तोच, आणि पोलिसाच्या गणवेषातला, वितळलेल्या पाऱ्यासारखा हवे ते रूप घेणारा, हा खरा मारेकरी.

दिग्दर्शकाने पहिला अर्धा तास नेमका याच धक्क्यासाठी रचला होता. परंतु १९९१ साली चित्रपट लागण्यापूर्वीच्या जाहिरातींनी ते गुपित फोडून टाकले. लक्षावधी अमेरिकनांना जो धक्का बसावयास हवा होता तो त्यांना बसला नाही. तो एवढ्या वर्षांनी आमच्या सभागृहात, तिसऱ्या बाकावर बसलेल्या मावशींना बसला. विकण्याच्या घाईत वस्तूचा गाभाच गिऱ्हाइकाच्या हाती फुकट देऊन टाकण्याचा हा व्यापार आम्हांस कधी कळलेला नाही.

मुलांच्या चर्चेचा विषय अर्थातच त्या पाऱ्याच्या माणसाचे चमत्कार. लोखंडी गजांतून तो पार होतो, फरशीतून उभा राहतो. हे सर्व संगणकाने केले, असे मंडळाचे पोर छातीठोकपणे सांगत होते. त्यांना एक गंमत सांगावीशी वाटते. डेनिस म्युरेन यांच्या देखरेखीखाली संगणकावर घडविलेली दृश्ये संपूर्ण चित्रपटात मिळून सुमारे पाच मिनिटांचीच आहेत; बाकी बरीच करामत स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यातील बाहुल्यांची आणि मुखवट्यांची. इस्पितळातील पहारेकऱ्यासमोर त्याचेच रूप उभे राहते, तेथे काही संगणक नाही, तेथे जुळे भाऊ आहेत! शेवटी दोन सारा दिसतात, त्यांतील एक म्हणजे सारा साकारणाऱ्या लिंडा हॅमिल्टन यांची जुळी बहीण. १९९२ साली दृश्यचमत्कृती, रंगभूषा, ध्वनी आणि ध्वनिसंपादन अशी चार ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाला मिळाली. त्यांत त्या जुळ्यांचा वाटा किती, हे कोणी मोजलेले नाही.

नावातील न्यायाच्या दिवसाविषयी आम्हांस विचारणा होणार, हे ठाऊकच होते. चित्रपटात तो दिवस २९ ऑगस्ट १९९७ सांगितला आहे. त्या दिवशी अणुबॉम्ब पडून ३०० कोटी माणसे मरतात. शेवटच्या न्यायाशी याचा काही संबंध नाही. येथे न्यायाधीश नाही, केवळ भस्म आहे. प्रत्यक्षात तो शुक्रवार कोठल्याही अन्य शुक्रवारासारखा गेला. आमच्या पंचांगाप्रमाणे २९ ऑगस्ट हा बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचा स्मरणदिन होय, आणि चित्रपटातील मुलाचे नावही जॉन म्हणजे योहानच. हा योगायोगच असावा. मुलाच्या नावाची आद्याक्षरे पाहून काही प्रेक्षक त्यात येशू ख्रिस्त शोधतात. परंतु जेम्स कॅमेरॉन यांचीही आद्याक्षरे तीच आहेत, तेव्हा एवढे खोल पाण्यात शिरण्याचे कारण नाही.

खरा वाद झाला तो शेवटावरून. मुलगा यंत्राला आज्ञा देतो, की कोणाचाही जीव घ्यावयाचा नाही. यंत्र हात वर करून शपथ घेते आणि लगेच एका पहारेकऱ्याच्या पायांत गोळ्या घालते. तो जगेल, एवढेच त्याचे समर्थन. सभागृह हसले, आम्हीही हसलो, आणि मग हसल्याचे जरा वाईट वाटले. असे ते यंत्र शेवटी मुलाची दुसरी आज्ञा मात्र मोडते. मुलगा रडत सांगतो, जाऊ नकोस. परंतु ज्या तुकड्यापासून ती विनाशक यंत्रे जन्मणार, तसाच तुकडा याच्या डोक्यातही आहे. स्वतःचा अंत स्वतः करण्याची मुभा त्याच्या रचनेत नाही, म्हणून ते साराच्या हाती कळ देते, आणि ती त्याला साखळीने उकळत्या पोलादात उतरविते. बुडता बुडता ते अंगठा वर करते.

आमच्या शाळेतील निवृत्त गुरुजी उठून उभे राहिले. "फादर, हा आत्मघात नव्हे काय? कळ दुसऱ्याच्या हाती दिली म्हणून पाप टळते काय?"

आम्ही सेमिनरीत शिकलेले सगळे मनात गोळा केले. ज्याला आत्मा नाही त्याला पापही नाही, असे उत्तर दिले. ते बरोबर होते, आणि कोणाचेही समाधान झाले नाही. कारण मावशींसकट निम्मे सभागृह तेव्हा डोळे पुसत होते, आणि आत्मा नसलेल्या वस्तूसाठी माणूस सहसा रडत नाही. गुरुजींनीच पुढे विचारले, की आज्ञा पाळण्यासाठी घडविलेले यंत्र आज्ञा मोडावयास शिकले कोठे? १९९३ मध्ये निघालेल्या सुमारे पंधरा-सोळा मिनिटे लांब प्रतीत याचे उत्तर देणारे एक दृश्य आहे. त्यात यंत्राच्या डोक्यातील कळ फिरवून त्याला शिकण्यास मोकळे केले जाते; सारा ती चकती हातोड्याने फोडू पाहते आणि मुलगा तिला अडवितो. ते दृश्य असावे की नसावे, यावर प्रेक्षकांत अजून दोन तट आहेत. आमच्या मते असावे. आई अविश्वासाने हातोडा उचलते आणि मूल मध्ये पडते, यात पुढचा सगळा चित्रपट आहे.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ साली चित्रपटांतील शंभर थोर नायक व खलनायकांच्या याद्या केल्या. पहिल्या भागातील हा यंत्रमानव खलनायकांत २२ वा आला आणि दुसऱ्या भागातील तोच नायकांत ४८ वा. दोन्ही याद्यांत बसलेले पात्र हे एकच.

पुढे या कथेचे आणखी भाग निघाले. २००३ च्या भागाने सांगितले, की तो विनाश टळला नव्हता, केवळ लांबला होता. २०१९ च्या भागाने तर आरंभीच त्या मुलाला, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्याच जॉनला, मारून टाकले, आणि मारणारा चेहराही त्याच रक्षणकर्त्याचा. अनेक जुने प्रेक्षक संतापले. काही जण म्हणतात, की ती कथा आहे, कथेवर एवढे काय रागवावयाचे? आम्ही मात्र रागावणाऱ्यांच्या बाजूचे. ज्या मुलाला आपण अडीच तास जीव मुठीत धरून वाचविले, त्याला पुढे कोणी सहज पुसून टाकले तर राग येणारच. १९९१ मध्ये कॅमेरॉन यांनी आणखी एक शेवट चित्रित केला होता. त्यात म्हातारी सारा बागेत बसून नातीसह खेळणाऱ्या जॉनकडे पाहते. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखविण्यात आला आणि नंतर तो शेवट वगळून रात्रीचा एक रिकामा रस्ता ठेवण्यात आला. त्या प्रेक्षकांत आम्ही असतो तर बागेला मत दिले असते.

आता ज्या मताखातर हे सदर लिहावयास बसलो ते सांगतो. चित्रपटाच्या मध्यावर, वाळवंटातील एका वस्तीवर, सारा दुरून पाहत असते: मुलगा त्या यंत्राला टाळी द्यावयास शिकवीत आहे. तिच्या मनात येते, की हा कधी मुलाला सोडून जाणार नाही, ओरडणार नाही, पिऊन येऊन मारणार नाही, कामाची सबब सांगणार नाही. बाप होऊ पाहणाऱ्या सगळ्या पुरुषांत हे यंत्रच खरे उतरले. हे ऐकताना आमच्या मागील बाकांवर एकाएकी खोकल्याची साथ आली. पुरुषमंडळी तेथेच बसली होती.

चर्चा संपल्यावर खुर्च्या आवरावयास एक आठवीतला मुलगा थांबला. त्याचे वडील जहाजावर खलाशी आहेत. एकदा गेले की आठ-नऊ महिने येत नाहीत. त्याने सर्वांसमोर तोंड उघडले नव्हते. खुर्च्या एकात एक घालता घालता तो म्हणाला, "फादर, ती बाई चुकली."

"कशी रे?"

"ती म्हणाली, हा कधी सोडून जाणार नाही. तो पण गेलाच की."

आम्ही म्हणालो, की त्याला जावेच लागले, नाहीतर सर्वांचा घात होता. "पप्पा पण असंच म्हणतात," तो म्हणाला. "जावंच लागतं." मग त्याने आणखी चार खुर्च्या आवरल्या आणि दिवे मालवू का, असे विचारले. आमच्याजवळ दुसरे उत्तर नव्हते. घरी परतताना ते सुचलेही नाही.

पुढल्या रविवारी त्याच्या आईने मिस्सेनंतर आम्हांस गाठले. जहाज बंदराला लागले होते आणि फोन आला होता. मुलाने तब्येत न विचारता पहिला प्रश्न केला, "पप्पा, तुम्ही टर्मिनेटर दोन पाहिलाय?" त्यांनी पाहिला होता, जहाजावर, तीन वेळा. "मग शेवटी तो जातो, तेव्हा तुम्हांला काय वाटलं?" असे मुलाने विचारले, आणि पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन तुटला की काय, म्हणून आईने हातात घेऊन पाहिला. तुटला नव्हता.