बाळाच्या खोलीचा रंग

दिवाळी जवळ आली की ओपीडीत हमखास विचारतात, “डॉक्टर, बाळाच्या खोलीला पिवळा चालेल ना?” चालेल की! मला काळजी नव्या रंगाची नाही, दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटची आहे. पिवळ्या, केशरी, लाल छटांत पूर्वी शिसं सर्रास असे. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा. रंगाऱ्यानं पॉलिशपेपरनं कोरडं घासलं की तेच शिसं धुळीतून रांगत्या बाळाच्या बोटांवर आणि तिथून पोटात जातं. मेंदूचं झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. जुना थर ओला करूनच घासायला सांगा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा. गरोदर बाई आणि मुलं तेवढे दिवस घरात नकोतच. मग पिवळा लावा नाहीतर गुलाबी!