पहिल्या पावसातच लाईट का जाते?

पावसाचे चार थेंब पडले की लाईट गेलीच! दर जूनमध्ये सोशल मीडियावर हा संताप दिसतो. यामागचं एक मोठं कारण खांबावर असतं: इन्सुलेटर.

तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून मध्ये चिनी मातीचा इन्सुलेटर बसवतात. उन्हात तापलेल्या इन्सुलेटरवर थंड पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो. दुसरं कारण धूळ. ती रिमझिम पावसात ओली झाली की तिच्यातून वीज वाहू लागते. मुसळधार पाऊस उलट ती धुऊन काढतो. इन्सुलेटरच्या छत्रीसारख्या कडा असतात त्या यासाठीच. त्यांच्यामुळे विजेचा रस्ता लांबतो आणि खालची बाजू कोरडी राहते.

वीज जमिनीत उतरताच उपकेंद्रातला ब्रेकर पुरवठा तोडतो. मग लाईनमन भर पावसात एकेक खांब तपासत फिरतो. वेळ जातो तो इथेच.

सिलिकॉन रबरचे पॉलिमर इन्सुलेटर असे तडकत नाहीत, त्यांच्यावर पाणीही पसरत नाही. पण ऊन आणि प्रदूषणाने रबरही खराब होतं. म्हणजे इन्सुलेटर कुठलाही असो, पावसाळ्याआधीची तपासणी चुकवून चालत नाही.

आणि हो, पावसात विजेच्या खांबाला हात लावू नका.