बंदी पुडीवर, मोकळीक टपरीला

महाराष्ट्रात गुटखाबंदी लागू होऊन एक तप उलटून गेले. २००२ मध्ये राज्याने घातलेली बंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे घातलेली बंदी मात्र नव्या आदेशांनी मुदत वाढवत पुढे चालू राहिली आणि मावा, खर्राही तिच्या कक्षेत आले. तथापि बंदी आहे म्हणजे शाळकरी मुले सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातील प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. ही घट दिलासादायक आहे. पण यात धूम्रपानाचा वाटा जेमतेम ३.८ टक्के असून २४.४ टक्के लोक तंबाखू खातात, मळतात वा दाताला लावतात. महाराष्ट्राचे व्यसन धुराचे नाही. म्हणूनच ते घरात, शेतावर आणि वर्गातही सहज लपते.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्याहून गंभीर बाब अशी, की धूरविरहित तंबाखू वापरलेल्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्क्यांनी तिची चव वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच घेतली होती. आठवी-नववीतील व्याख्याने आणि प्रभातफेऱ्या त्यांच्यापर्यंत पोहोचतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या तीर्थपुरीसारख्या गावांच्या दृष्टीने हा प्रश्न पाहिला, की कायद्यातील फट स्पष्ट दिसते. गुटखाबंदी राबविण्याचा मुख्य भार अन्न व औषध प्रशासनावर आहे आणि त्याची यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. गावात मात्र साधी तंबाखू, सुपारी आणि चुना विकण्यास बंदी नाही. वडिलांसाठी पुडी आणायला धाडलेल्या मुलाला दुकानदार वय विचारत नाही. पाठविणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. व्यसनाशी पहिली ओळख बहुधा अशीच होते.

वास्तविक कायदे अपुरे नाहीत. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली. पण त्यासाठीचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे. याउलट २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिली शिक्षा इतकी किरकोळ की तिची भीती नाही, दुसरी इतकी कठोर की ओळखीच्या टपरीवाल्याविरुद्ध ती वापरण्यास गावात कोण धजावणार?

या दोन टोकांच्या मधला मार्ग उपलब्ध आहे. तंबाखूविक्रीसाठी स्थानिक संस्थेचा परवाना असावा आणि त्या दुकानात बिस्किटे, चॉकलेटे विकू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना सुचविले होते. मुलाला पुडी विकल्यास परवाना जाईल, ही धास्ती तुरुंगाच्या दूरच्या भीतीपेक्षा परिणामकारक ठरेल. हा अधिकार ग्रामपंचायतीकडे असेल, तर पथकाची वाट पाहावी लागणार नाही.

विलंबाची किंमत शरीर मोजते. सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरविले. तिच्या सेवनाने तोंडाच्या आतील त्वचा कडक होत जाते, जबडा उघडेनासा होतो, तिखट सोसवत नाही. हा विकार सहसा मागे फिरत नाही. दहाव्या वर्षी लागलेली सवय ऐन तारुण्यात घास अडवते. ज्या कुटुंबाची उमेद त्या मुलाच्या शिक्षणावर व कमाईवर असते, त्याला हा हिशेब कोणत्याही दंडापेक्षा महाग पडतो. बंदीचे यश जप्त केलेल्या मालावरून नव्हे, तर दहा वर्षांच्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठविणाऱ्या दुकानांवरून मोजले पाहिजे.